बार्शी नाक्याचा वॉर चीफ

बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. वस्तादला रेल्वे त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होती, फक्त ती न्यूयॉर्कची, तीही एका गेममधली. ब्राँक्सला बसायचं, पोलीस दिसले की उतरून पळायचं, युनियन स्क्वेअरला सगळ्यांनी एकत्र यायचं आणि उजाडायच्या आत कोनी आयलंड गाठायचं. परळीची एसटी किती वाजता सुटते हे तो आजही कंट्रोलरला विचारतो. बीडच्या नव्या गाडीत मात्र तो पहिल्या आठवड्यातच नगरपर्यंत जाऊन आला आणि निकाल दिला, "ह्या गाडीनं निघाले आसते तर पोरं दिवाळीला पोचली आसती."

वस्ताद हा एक इसम नव्हे. अंबाजोगाईला आहे, माजलगावला आहे, गेवराईत दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. 2005 नंतरच्या वर्षांत जे मिसरूड फुटायच्या वयात होते, ज्यांच्या गल्लीत कुणीतरी प्लेस्टेशन टू आणून पोरांना तासावर खेळायला देत होता आणि ज्यांच्या हाती 'द वॉरियर्स'ची डिस्क लागली, त्यांच्यातला एखादा वस्ताद झाला. बाकीचे क्रिकेटच्या गेमकडे वळले आणि पुढे झेडपीत चिकटले.

रॉकस्टार कंपनीनं हा गेम ऑक्टोबर 2005 मध्ये काढला. मूळ सिनेमा 1979 चा, वॉल्टर हिल या दिग्दर्शकाचा. न्यूयॉर्कमधल्या सगळ्या टोळ्यांना सायरस नावाचा मोठा पुढारी एका रात्री सभेला बोलावतो. भर सभेत त्याला कुणीतरी गोळी घालतं आणि आळ येतो कोनी आयलंडहून आलेल्या नऊ पोरांवर. आता सगळं शहर त्यांच्या मागे, आणि घर दुसऱ्या टोकाला. गेममध्ये ही रात्र फार उशिरा येते. आधीचे तीन महिने नुसत्या हाणामाऱ्या. आमच्या बीडच्या वस्तादनं गेम आधी खेळला आणि सिनेमा कैक वर्षांनी मोबाइलवर पाहिला. त्याचं मत असं, की गेमवरून पिक्चर बरा काढलाय, पण निम्मं गाळलंय. सिनेमा गेमच्या सव्वीस वर्षं आधीचा आहे, हे मी सांगून पाहिलं. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

त्याचं खरं शिक्षण झालं ते टेपवर. गेममध्ये उभ्या गाडीची काच फोडून टेप चोरता येतो. त्यासाठी रिमोटवरची काडी अंगठ्यानं गोल फिरवत एकेक स्क्रू सोडवायचा आणि मालक किंवा पोलीस यायच्या आत पसार व्हायचं. ते करताना वस्तादची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येई. काडीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं, तर त्यावर त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. आज बार्शी नाक्याजवळ त्याचं गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवायचं दुकान आहे. जीपवाला चहा पिऊन येईपर्यंत डॅशबोर्ड उघडून मिटलेला असतो. ज्या अंगठ्यानं अर्धं न्यूयॉर्क मुकं केलं, त्याच अंगठ्यानं त्यानं वडवणी-धारूर रस्त्यावरच्या जीपांना कंठ दिला. गिऱ्हाइकाच्या टेपला हात लावताना तो अजून एकदा मागे वळून बघतो, तेवढी सवय जात नाही.

बेसबॉलच्या दांडक्यांनी मारणारे, तोंडं रंगवलेले फ्युरीज त्यानं लोळवले, पण लोडशेडिंग त्याला कधी जिंकता आलं नाही. निम्मी लढाई झाली की लाइट जायची आणि जिथं शेवटचं सेव्ह केलं तिथून सगळी मारामारी पुन्हा. परळीला तयार झालेली वीज आपल्या डोक्यावरून थेट मुंबईला जाते, ही त्याची तेव्हापासूनची राजकीय भूमिका. आणखी कुठली त्याला नाही.

त्यानं आयुष्यात कुणाच्या थोबाडीत मारलेली नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव अलीकडे पेपरात ज्या कारणानं येतं ते पाहता हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. गेममधून तो मारणं शिकला नाही, हुकूम सोडणं शिकला. तिथं टोळीच्या वॉर चीफला मोजके हुकूम असतात: थांबा, पाठ सांभाळा, पांगा, तुटून पडा. वरातीत, एसटीत जागा धरताना, पंगतीत जिलबी आमच्या रांगेपर्यंत पोचत नसताना, तो हेच हुकूम हळू आवाजात देतो. बाकावर एकटी बाई दिसली तर तिथं आम्हाला टेकूही देत नाही. सिनेमात त्या नऊ पोरांतला एजॅक्स असाच बागेतल्या बाकावर बसला आणि ती निघाली साध्या वेशातली पोलीस.

आणि तो माणसं मोजतो. धारूरच्या लग्नाहून परतताना घाटात जीप बंद पडली, तेव्हा रात्री दीड वाजता त्यानं आम्हाला रस्त्याच्या कडेला उभं करून दोनदा मोजलं. एक कमी भरला. नवरदेवाचा मामा जेवून मांडवातच झोपला होता. मामा सकाळी आपल्या पायानं आले असते, त्यांचं गावच ते. पण वस्ताद एका मोटारसायकलवाल्याला थांबवून मागे गेला आणि झोपेतल्या मामांना घेऊन आला. मामा अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

मोजायची ही खोड गेमच्याही आधीची असावी. त्याचे आईवडील दरवर्षी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ऊस तोडायला, म्हणजे कोयत्याला जायचे, कधी सांगलीकडे, कधी कर्नाटकात. दिवाळीच्या सुमाराला टोळी ट्रकमध्ये चढायची आणि हंगाम संपून पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला परतायची. आजीपाशी राहिलेली पोरं वेशीवर उभी राहून कोण कोण उतरतं ते बघायची.

परवा अंबाजोगाईचे एक इंग्रजीचे प्राध्यापक टेप दुरुस्तीला आले. दुकानात वॉरियर्सचं पोस्टर बघून म्हणाले, "ही गोष्ट मूळची ग्रीक आहे, बरं का. सोल युरिकनं 1965 मध्ये कादंबरी लिहिली, ती झेनोफनच्या ग्रंथावरून. सायरस नावाचा इराणी राजपुत्र भावाचं राज्य घ्यायला निघाला. दहा हजार ग्रीक भाडोत्री शिपाई बरोबर नेले. इसवी सनापूर्वी 401 मध्ये बॅबिलोनजवळ लढाईत तोच मेला. हे परमुलखात अडकले."

वस्तादनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "म्हंजी मुकादम मेला, आन् टोळी कर्नाटकात."

सर जरा थांबले. "हो. तसंच."

"पैसं दिलं व्हतं का त्यास्नी?"

"मध्ये थकले होते. मग पगार दीडपट करतो म्हणाला. बॅबिलोनला पोचल्यावर वर बक्षीसही देणार होता."

"त्याच्या आधीच गेला," वस्ताद म्हणाला. हे त्याला विचारावं लागलं नाही. "मंग घरी किती पोचले?"

"शेवटी सहा हजारांच्या आसपास उरले."

"दहातले सहा? मंग कसला वॉर चीफ तो!"

"आणि तेही सगळे घरी गेले नाहीत," सर म्हणाले. "बरेचसे तिकडंच स्पार्टाच्या सैन्यात लागले."

"दुसरा मुकादम," वस्ताद म्हणाला आणि टेपचा स्क्रू पुन्हा फिरवू लागला. "उचल किती दिली त्यानं?"