वडिलोपार्जित निकाल

इतर घराणी मुलाबाळांसाठी जमीन, साखर कारखाना, फार तर मतदारसंघ ठेवतात. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी दुरुस्तीस योग्य असे निकाल ठेवले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी आणीबाणीतल्या स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. त्या चौघांत ते होते. पुढे सरन्यायाधीशही झाले. चिरंजीव धनंजय यांनी २०१७ साली तो निकाल मोडीत काढला. २०१८ साली व्यभिचाराच्या कायद्यावरचा तीर्थरूपांचा १९८५ चा निकालही निकालात निघाला. श्राद्धाचा इतका शास्त्रशुद्ध विधी धर्मसिंधूतही सापडणार नाही.

पाचवे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना मात्र दम निघाला नाही. त्यांनी बरोबर निकाल १९७६ सालीच देऊन टाकला. त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले, हे ओघाने आलेच. ते २०२४ साली पुतण्याला मिळाले. घराण्याचे येणे घराण्यात जमा.

तेव्हा पक्षकारांनो, वकील नेमण्यापूर्वी न्यायमूर्तींच्या अपत्यांची चौकशी करावी. १९७६ च्या स्थानबद्धांनीही उगाच घायकुतीला यायला नको होते. चिरंजीव तेव्हा १६ वर्षांचे होते.