दोन पेरं

फांदीकाकूंची खरी ओळख मला पटली ती दुसऱ्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला. पोथीचा तिसरा अध्याय चालू होता. कोणाचे डोळे मिटलेले, कोणाचे शिऱ्याच्या पातेल्यावर लागलेले. काकूंची नजर मात्र गॅलरीतल्या मनीप्लांटवर. आरती सुरू झाली, टाळ्या-झांजांचा गजर झाला आणि त्यात ‘टक्’ असा एक बारीक आवाज बुडून गेला. प्रसाद घेताना काकूंनी घरच्या सुनेला गोड आवाजात विचारलं, “अगं, या वेलाची दोन पेरं नेऊ का?” पेरं तोवर पर्समध्ये, ओल्या रुमालात पोचलेली होती.

विचारणं आणि घेणं, दोन्ही त्या न चुकता करतात. फक्त क्रम उलटा.

काकूंचं हे नाव सोसायटीनं ठेवलेलं. पुण्यात सोसायटी तिथं एक फांदीकाकू असतेच. आमची जरा नामांकित, एवढंच. तिच्या पर्समध्ये पैसे असतील-नसतील; पण नेलकटर, रुमाल, दुधाची धुतलेली पिशवी आणि दोन रबरबँड असतातच. आजाऱ्याला भेटायला गेली तरी आधी स्वागतकक्षातल्या कुंडीची प्रकृती बघून मग पेशंटकडे वळते. विकत घेतलेलं रोप रुसतं आणि चोरलेला मनीप्लांट फोफावतो, यावर तिची अढळ श्रद्धा. हा सिद्धान्त आजवर खोटा ठरलेला नाही, कारण तिनं रोप विकत घेतलेलंच नाही. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला काकू नेमानं जातात आणि नेमानं हिरमुसून परत येतात. “नुसतं बघायचं रे तिथं. हात लावू देत नाहीत.”

पण माघ लागला की काकूंना कोणी अडवू शकत नाही. थंडी ओसरलेली असते, उन्हाचा तडाखा यायचा असतो. कुंड्या बदलायच्या, छाटायचं, नवी माती भरायची ती या मधल्या तीन-चार आठवड्यांत. काकू मग घरोघरी फिरतात. जनगणनेवाल्यांसारख्या, पण आग्रहानं. जगातली सगळी मापं त्यांनी एका पेरावर आणून ठेवली आहेत. मनीप्लांट लावायचा तर पेराखाली तिरका काप. मुळं फुटतात ती पेराशीच. जास्वंदीची काडी पेन्सिलीएवढी जाड, दोन पेरं मातीत, दोन वर. आणि पाणी कधी घालायचं? “बोट खुपस मातीत. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर घाल, नाहीतर झारी ठेव खाली.” ही परीक्षा त्या दुसऱ्यांच्या घरी स्वतःच्या बोटानं करतात आणि मग त्याच हातानं चहाचा कप घेतात.

तळमजल्यावरच्या निवृत्त साहेबांनी मागे स्नेक प्लांटच्या अकरा कुंड्या दिवाणखान्यात मांडल्या. हवा शुद्ध होते म्हणे, नासानं 1989 मध्ये सिद्ध केलंय. काकू म्हणाल्या, “त्यांनी ते बंद पेटीत ठेवून बघितलं होतं, असं माझा नातू सांगत होता. तुमच्याकडे खिडकी आहे ना? उघडा की.” साहेबांनी खिडकी उघडली. हवा आली. जाताना काकू स्नेक प्लांटचं एक पान घेऊन गेल्या, सल्ल्याची फी म्हणून.

तिसऱ्या मजल्यावर मोगरा चार वर्षं नुसता पानं देत होता. काकूंनी त्याचं पाणी आठ-दहा दिवस तोडायला लावलं, मग दाढी केल्यासारखा छाटला आणि बुडाशी ओंजळभर शेणखत घातलं. त्या घरातल्या आजी रडायच्या बेतात होत्या. चैत्रात मोगरा असा काही फुलला, की आजींनी पहिला गजरा काकूंनाच दिला. पिठ्या ढेकूण दिसला की लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण, तोही संध्याकाळी; उन्हात फवारलं तर पानं भाजतात. इथवर सगळं शहाणपणाचं. पुढे जीवामृताचं वेड शिरलं. शेतातली कृती दोनशे लिटरची: दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. काकूंनी सगळ्याला शंभरानं भागलं आणि दोन लिटरचं जीवामृत गोमूत्रासह गॅलरीत मुरत ठेवलं. भागाकार बिनचूक होता. वासाला तेवढा भाग गेला नाही.

आता माझी गोष्ट. आजोळाहून, गुहागरहून आणलेली एकेरी पिवळी जास्वंद माझ्याकडे होती. या हिवाळ्यात तिची पानं पिवळी पडायला लागली. तहानली असेल म्हणून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. आणखी पिवळी पडली. आणखी पाणी घातलं. काकूंना बोलावलं तेव्हा उरल्या होत्या काड्या. त्यांनी बोट खुपसलं, हुंगलं, कुंडीखालची पाण्यानं भरलेली ताटली उचलून दाखवली आणि पंचनामा संपवला. “तहानेनं नाही गेली. बुडवून मारलीस तू तिला. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, पानं पिवळी पडतात, आणि तू पुन्हा पाणी घालतोस!”

मी गप्प. ही आतून म्हणाली, “मी सांगत होते.”

“चल माझ्याबरोबर,” काकू म्हणाल्या.

त्यांच्या गच्चीवर माझ्याच उंचीची एकेरी पिवळी जास्वंद उभी होती. लगडलेली. मी बघतच राहिलो. “तुझीच आहे,” काकू म्हणाल्या. “तुझ्या वास्तुशांतीला नेली होती. विचारायचं राहून गेलं.”

मी म्हटलं, “काकू, दोन पेरं देता का?”

हे वाक्य आयुष्यात प्रथमच त्यांच्या कानांवर पडलं असावं, कारण त्या क्षणभर गोंधळल्या. मग पर्समधून नेलकटर काढलं, फांदी वाकवली, आणि स्वतःच्या गच्चीवर, स्वतःच्या झाडाची फांदी तोडण्याआधी डावीकडे-उजवीकडे बघून घेतलं, कोणी पाहत तर नाही ना.

टक्.