चाळकेवाडीला ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

साताऱ्याजवळच्या ठोसेघरचा धबधबा बघून लोक वर चाळकेवाडीच्या पठारावर येतात, पवनचक्कीखाली फोटो काढतात आणि ‘वर काही नाही, नुसता वारा’ असं सांगत परततात. हे वाक्य मला फार खटकतं. एप्रिल-मेमध्ये त्याच कातळावर जागोजागी दगडावर सरडे उभे असतात. नर गळ्याखालची झालर पंख्यासारखी उघडतो आणि निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग उन्हात झळकतात. ‘सरडा सुपर्बा’ ही जात २०१६ साली शास्त्राला नव्याने कळली, ती याच पठारावरून. कास पठाराची फुलं बघायला गर्दी लोटते. या सरड्यासाठी कुणी गाडीची काचसुद्धा खाली करत नाही.

मग दगडांचं. स्वतःचं घर व्हावं म्हणून लोक दगडावर दगड रचतात. पण सरड्याच्या नराला मादीच्या नजरेत भरायला तोच उंचवटा लागतो आणि दुपारी अंग लपवायला त्याच दगडाखालची फट. दगड जिथे आहे तिथेच राहू द्या, एवढंही सांगावं लागतं.

‘विषारी असतो का हो?’ नसतो. महाराष्ट्रात एकही सरडा विषारी नाही. तो किडे, मुंग्या खातो आणि तिसा, कापशी हे पक्षी त्याला खातात.

सर्वांत जास्त त्रास होतो तो ‘पवनचक्क्यांपाशी तर सरडे भरपूर आहेत की’ या समाधानाचा. मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच पठारावर अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष मांडले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. म्हणून सरडे वाढले. पण ते अंगाने रोड होते आणि त्यांच्या गळ्याचे रंग फिके होते. माणूस अगदी जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते. ज्याचा फोटो सहज मिळाला म्हणून आपण खूश होतो, तो सरडा माणसाळलेला नसतो. त्याच्या डोक्यावरचा तिसा नाहीसा झालेला असतो. सरडे मोजून पठार ठीक आहे असं ठरवणाऱ्यांनी आधी आभाळाकडे बघावं.

आणि गाड्या डांबरी रस्त्यावरच ठेवाव्यात. मादी अंडी मातीत घालते, आणि ती जागा चाकाखाली आली तरी गाडीतल्या कुणाला कळतही नाही.