शैक्षणिक मेळाव्यांच्या संयोजकांस सविनय अभिनंदनपत्र

प्रति,
शैक्षणिक मेळावे व महाविद्यालय-भेटी यांचे समस्त संयोजक,
सोलापूर शहर व जिल्हा.

विषय : विद्यार्थ्यांना सर्व काही दाखवून काहीही कळू न देण्याच्या कौशल्याबद्दल अभिनंदन, आणि ते कौशल्य टिकविण्याबाबत सूचना.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून प्रथम संयोजकांचे अभिनंदन करणे क्रमप्राप्त आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना आणि निकाल तोंडावर आलेले असताना सोलापुरातील मंगल कार्यालयांतून व सभागृहांतून जे शैक्षणिक मेळावे भरतात, आणि तत्पूर्वी हिवाळ्यात नववी-दहावीचे वर्ग बसमध्ये बसवून ज्या महाविद्यालय-भेटी घडविल्या जातात, त्यांमागील परिश्रम वादातीत आहेत. महाविद्यालय-भेटीचा हेतू असा की, ज्या विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेत पुढील तीन-चार वर्षे काढावयाची आहेत त्याने ती संस्था आधी चालू स्थितीत पाहून घ्यावी; आणि मेळाव्याचा हेतू असा की, अनेक संस्थांनी एका छताखाली येऊन अभ्यासक्रम, शुल्क, प्रवेशाच्या अटी आणि पुढील वाटा यांसंबंधीच्या प्रश्नांना सरळ उत्तरे द्यावीत. हे दोन्ही हेतू बाजूला सारूनही दोन्ही उपक्रम इतक्या थाटामाटात पार पाडता येतात, हे संयोजकांनी सप्रमाण सिद्ध केले आहे.

असे उपक्रम मुळात का लागले, याचे उत्तर या शहराच्या इतिहासात आहे. सोलापुरात १९१० साली जन्मलेल्या द्वारकानाथ कोटणीसांना डॉक्टर होण्यासाठी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागले. त्यांच्या जन्मगावी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६३ साली, म्हणजे चीनमध्ये त्यांचे निधन होऊन दोन दशके उलटल्यावर. दयानंद महाविद्यालय १९४० चे, संगमेश्वर १९५३ चे, शासकीय तंत्रनिकेतन १९५६ चे, वालचंद अभियांत्रिकी १९८३ ची, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन एकाच जिल्ह्यापुरते उभे राहिलेले सोलापूर विद्यापीठ, जे २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करते, ते २००४ चे. दरम्यान खासगी अभियांत्रिकी, औषधनिर्माण व व्यवस्थापन महाविद्यालयांची रांग जिल्ह्यात पंढरपूर-सांगोल्यापर्यंत पोहोचली. जागा वाढल्या, तशी त्या भरण्याची निकडही वाढली. आणि विद्यार्थ्याने महाविद्यालय शोधण्याऐवजी महाविद्यालयच विद्यार्थ्याला शोधीत फिरू लागले. या उलटापालटीला ‘मार्गदर्शन’ असे नाव देण्याची सूचना ज्या कोणाची असेल, त्याचा स्वतंत्र सत्कार व्हावयास हवा.

भेटीचा ठरलेला मार्ग निर्दोष असल्याने त्यात बदल करू नये. बस प्रवेशद्वाराशी थांबते, पुष्पगुच्छ दिला जातो, वातानुकूलित सभागृहात इमारतीचे ड्रोनने टिपलेले चित्रण ती इमारत बाहेर प्रत्यक्ष उभी असतानाही पडद्यावर दाखविले जाते, प्रयोगशाळा दारातून आणि ग्रंथालय काचेतून दाखविले जाते, आणि अल्पोपाहारानंतर समूहछायाचित्र निघते. हे सारे शक्यतो सुट्टीच्या दिवशी उरकण्याची दक्षता विशेष प्रशंसनीय आहे, कारण कामकाजाच्या दिवशी गेलेल्या मुलांना वर्ग भरलेला आहे की नाही हे दिसण्याचा धोका असतो. राज्यातील अनेक अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरील अध्यापक, म्हणजे महिन्याच्या पगाराऐवजी घेतलेल्या तासांच्या हिशेबाने मानधन मिळणारे शिक्षक, ओढून नेतात. एखाद्या चौकस मुलीने ‘या विभागात कायम शिक्षक किती?’ असे विचारले, तर समूहछायाचित्राची वेळ थोडी अलीकडे घ्यावी.

अकरावीच्या बाबतीत तर भेटीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, हजेरी तेथल्या पटावर आणि विद्यार्थी मात्र दिवसभर खासगी शिकवणीत, अशी जी व्यवस्था महाराष्ट्रात ‘इंटिग्रेटेड’ किंवा ‘टाय-अप’ या नावाने रुळली आहे, तिच्यात सामील होणाऱ्या विद्यार्थ्याला आपले महाविद्यालय आतून पाहण्याची संधी बहुधा भेटीच्या दिवशीच मिळते, प्रात्यक्षिक परीक्षेचा अपवाद वगळता. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया सर्व राज्याला लागू झाली असून, सोलापूरच्या विद्यार्थ्यालाही आता महाविद्यालयांचा पसंतीक्रम संगणकावर भरावा लागतो. हा क्रम त्याने कशाच्या आधारे लावावा, हे भेटीत सांगितले जात नाही; बहुधा त्याच्या स्वयंनिर्णयाबद्दलच्या आदरामुळे.

मेळाव्यांतील फलकांवरील भाषेचाही येथे गौरव करणे आवश्यक आहे. ‘सर्वोच्च पॅकेज’ हा शब्दप्रयोग घ्यावा. पॅकेज म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीने देऊ केलेली वार्षिक रक्कम, आणि सर्वोच्च पॅकेज म्हणजे संपूर्ण तुकडीतील एकाच विद्यार्थ्याला मिळालेली रक्कम, जी उर्वरित सर्वांच्या पालकांना दाखविली जाते. याउलट मध्यक वेतन, म्हणजे सर्व वेतने चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, तुकडीची खरी स्थिती सांगतो, आणि राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखड्यात सहभागी होणाऱ्या संस्थांना तो कळवावाही लागतो. तथापि फलकाची रुंदी मर्यादित असल्याने तो तेथे मावत नाही. ‘नॅक’ची श्रेणी, म्हणजे १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने संपूर्ण संस्थेला दिलेला दर्जा, ठळक छापली जाते, पण विद्यार्थ्याला ज्या शाखेत जावयाचे आहे त्या शाखेविषयी ती श्रेणी स्वतंत्रपणे काही सांगत नाही, हे छापले जात नाही. पर्सेंटाइल आणि टक्केवारी यांतील गोंधळही जसाच्या तसा जपलेला आहे. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षार्थींपैकी शेकडा किती जण आपल्याइतके वा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवून आहेत ते सांगणारा आकडा होय. सामायिक प्रवेश परीक्षेत नव्वद पर्सेंटाइल मिळालेल्या मुलाने नव्वद टक्के गुण मिळविलेले नसतात, आणि ‘तुमच्या मुलाला नव्वद आहेत, आता काळजी कसली?’ या वाक्यावर अर्धे समुपदेशन उभे असते.

या संदर्भात ब्रिटनचे उदाहरण टाळलेलेच बरे. तेथे विद्यापीठे ‘ओपन डे’ भरवितात आणि भावी विद्यार्थ्यांना विद्यमान विद्यार्थ्यांशी बोलू देतात, हा आगाऊपणा एकवेळ क्षम्य मानता येईल; परंतु २०१५ साली तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने विद्यापीठांना ग्राहक कायद्याची आठवण करून दिली, आणि अभ्यासक्रम, शुल्क व इतर अपरिहार्य खर्च यांची अचूक माहिती विद्यार्थ्याला निर्णयापूर्वी मिळालीच पाहिजे, असे बजावले. विद्येच्या पवित्र क्षेत्रात अशी व्यापारी वृत्ती आपल्याकडे शोभणार नाही. आपल्याकडे पालक शुल्क विचारतो तेव्हा त्याला प्रथम नाव, गाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक विचारला जातो. मकर संक्रांतीला होम मैदानावर भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतसुद्धा पाळण्याचे दर फलकावर लिहिलेले असतात आणि ते वाचून माणूस रांगेत उभा राहतो. मेळाव्यात मात्र दर शेवटी कळतो, तोवर पाळणा अर्ध्या उंचीवर गेलेला असतो. वस्तुतः २०१५ च्या राज्य कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरविते आणि ते आकडे सर्वांसाठी खुले असतात. मेळाव्याच्या सभागृहात त्याची एक प्रत टांगण्यासाठी एक खिळा पुरेल, यास्तव खिळ्यांची टंचाई कायम ठेवावी.

मेळाव्याला कोण येते, याविषयीही संयोजकांची दूरदृष्टी नजरेत भरते. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या पट्ट्यात कन्नड शाळा आहेत, शहरात उर्दू माध्यमाचीही मुले-मुली शिकतात, आणि माहितीपत्रक मात्र गुळगुळीत कागदावरील इंग्रजीत असते, जे वाचू शकणाऱ्या पालकाला ते वाचण्याची बहुधा गरज नसते. शहरालगतच्या कुंभारी येथे २००६ साली विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांचे हस्तांतरण झाले, आणि त्याच परिसरातील रे नगरमध्ये १९ जानेवारी २०२४ रोजी यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कागद-काच-पत्रा वेचणारे यांच्यासाठीच्या आणखी पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. त्याच कुंभारीत एक वैद्यकीय महाविद्यालयही आहे. येथील मुलीला वैद्यकीय महाविद्यालय पाहण्यासाठी बसची गरज नाही. तिला ते कुंपणाबाहेरून रोज दिसते. आत जाण्याचा मार्ग कोणता आणि त्याला किती पैसे लागतात, एवढेच तिला कोणी सांगितलेले नसते. आणि ज्या मेळाव्यात ते सांगता आले असते तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिची आई विड्या वळून कारखान्यात माप घालण्याच्या वेळेला, भरतो.

आता ज्या बाबीवर संयोजकांचे खरे प्रभुत्व आहे तिच्याकडे वळणे भाग आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्वीच्या पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के सवलत मिळते, आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयेही त्यात येतात. मात्र अट अशी की, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे बोलीभाषेतील ‘कॅप’मधून, गुणवत्तेनुसार झालेला असावा, व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावरून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही. आता मेळाव्यातील ‘आजच जागा निश्चित करा’ हा फलक या अटीशेजारी ठेवून पाहावा. मुलीचा बाप गर्दीत घाबरतो, जागा हातची जाईल असे त्याला सुचविले जाते, आगाऊ रक्कम घेतली जाते, आणि जी मुलगी कॅपमधून त्याच महाविद्यालयात, कदाचित त्याच बाकावर, शिक्षण शुल्काविना बसू शकली असती, तिच्यासाठी घरचे लोक सोने गहाण ठेवतात. एका पावतीने शासनाची एवढी बचत करून देणाऱ्या संयोजकांना खरे तर वित्त विभागाने मानपत्र द्यावयास हवे. येथे उपरोध थांबवून स्पष्ट लिहावयाचे तर, या प्रकाराला मार्गदर्शन म्हणता येत नाही. ती अज्ञानाची विक्री आहे.

शासनाने स्वतः काही केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी, म्हणजे कोणत्या क्षेत्राकडे ओढा आहे हे तपासणारी प्रश्नावली, राज्यभर घेण्यात आली. मुलाचा कल कळला. त्या कलाचे महाविद्यालय कोठे आहे, तेथे नेऊन कोण दाखविणार, हा प्रश्न शिल्लक राहिला. कल चाचणी पुढे बंद पडली.

दाखविण्याजोगे सोलापुरात किती आहे, हे पाहिले म्हणजे संयोजकांच्या संयमाचे नवल वाटते. पुणे महामार्गावर केगाव येथे विद्यापीठाचा परिसर आहे आणि तेथेच २००५ पासूनचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. कोरडवाहू शेतीवरील संशोधन सोलापुरात १९३० च्या दशकापासून चालत आले आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात वाढलेल्या मुलाला ‘शास्त्रज्ञ’ नावाचा माणूस प्रत्यक्ष काय काम करतो, हे अशा ठिकाणी एका सकाळीत कळू शकते. तीच गोष्ट शासकीय तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेची आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. परंतु या संस्था मेळाव्यात गाळा घेत नाहीत, विद्यार्थ्यामागे कोणाला काही देत नाहीत, त्यामुळे त्यांचा रस्ता भेटीच्या बसला सापडत नाही. शालेय सहलींना एसटी भाड्यात पन्नास टक्के सवलत देते. तिचा लाभ घेऊन या ठिकाणी मुले नेण्यास कोणत्याही शाळेला संयोजकांच्या परवानगीची गरज नाही, ही गोष्ट मुख्याध्यापकांपासून गुप्त राखण्यात यावी.

एक किरकोळ विनंती मान्य व्हावी. येत्या मेळाव्यात प्रवेशद्वारी जी रंगीत पिशवी वाटली जाते तिच्यात, लेखणी आणि किल्लीच्या साखळीसोबत, वरील शासन निर्णयाचा सारांश मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दूत छापलेला एक कागद घालावा, आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहावे की कॅपची फेरी संपण्यापूर्वी कोणत्याही गाळ्यावर पैसे भरू नयेत. त्या कागदाचा खर्च पिशवीहून कमी येईल.

कळावे.