समजून द्या

काम चोख करायचे आणि मोबदल्याचा विषय निघाला की मूग गिळून बसायचे, अशा सज्जनांनी मला जेवढा मनस्ताप दिला आहे, तेवढा रोखठोक सावकारानेही दिला नसता. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आमचे हिशेबनीस काका हे या जमातीचे शिरोमणी. आयकराची विवरणपत्रे भरून देणे हा त्यांचा स्वतंत्र व्यवसाय. ‘‘फी किती झाली?’’ असे विचारताच ते चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाने पुसतात, उजेडाकडे धरतात, पुन्हा पुसतात आणि अखेरीस पुटपुटतात, ‘‘समजून द्या.’’

सेवा पुरवणाऱ्याची सालीना उलाढाल 20 लाखांपलीकडे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते, हा नियम ते पक्षकारांना मुखोद्गत ऐकवतात. स्वतः त्याच्या कक्षेत येण्याचे भय मात्र त्यांना या जन्मी नाही. काकूंच्या तगाद्यापायी एकदा त्यांनी सुवाच्य अक्षरात दरपत्रक लिहून भिंतीवर लावले आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर, ते नेमके झाकले जाईल असे, ‘कालनिर्णय’ टांगले. एका चौकस गिऱ्हाइकाने तिथी पाहण्याच्या मिषाने ते वर उचलले, तेव्हा काका चष्मा पुसत म्हणाले, ‘‘ते जुने दर आहेत. तुम्ही समजून द्या.’’

आणि लोक समजूनच देतात! दवाखान्याच्या दारावर तपासणीचे शुल्क ठळक अक्षरांत रंगवणारे डॉक्टर, तारखेगणिक पैसे मोजून घेणारे वकीलसाहेब, पंडरीच्या कापडबाजारात साडीच्या भावावरून तासभर हुज्जत घालणाऱ्या गृहिणी, हे सारे विवरणपत्राची मुदत जवळ आली की एकाएकी काकांचे आप्तस्वकीय होतात आणि शंभराची नोट टेबलावर ठेवून, ‘‘घरचंच काम!’’ म्हणत उठतात.

तरीही एक गोष्ट नाइलाजाने नमूद केली पाहिजे. आमच्या गल्लीतील एका विधवेचे कुटुंबनिवृत्तिवेतन दफ्तरदिरंगाईत अडकले होते. अर्ज लिहून, कचेरीचे उंबरठे झिजवून काकांनीच ते मार्गी लावले. त्या बाई पाकीट घेऊन आल्या, तेव्हा काकांनी प्रथमच चष्म्याला हात न लावता, त्यांच्याकडे थेट पाहून, स्पष्ट आकडा सांगितला, ‘‘शून्य.’’

जो एकच आकडा त्यांना निःसंकोच उच्चारता येतो, त्यावर प्रपंच चालत नाही. म्हणून, वाचकहो, अशा माणसाकडे जाण्यापूर्वी शेजारच्या कचेरीतला दर विचारून घ्या, आणि त्याने चष्मा काढण्याच्या आत तेवढे पैसे टेबलावर ठेवा.