भूमिपूजन ते भोगवटा

वास्तुकलेची आवड आहे, पण वास्तुविशारद होणं राहून गेलं, अशा प्रौढ माणसापुढे तीन मार्ग असतात. दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन भिंतीवर टिचक्या मारत ‘ही पाडली तर चालेल’ असं सांगणं, हा पहिला. सोसायटीच्या पुनर्विकास समितीवर निवडून येणं, हा दुसरा. आणि प्लास्टिकच्या विटांची पेटी आणून घरात ताजमहाल बांधणं, हा तिसरा. पहिल्या दोन मार्गांनी माणसं दुरावतात. तिसऱ्याने फक्त डायनिंग टेबल जातं. प्रस्तुत मार्गदर्शन तिसऱ्या मार्गाच्या इच्छुकांसाठी आहे.

ना हरकत

पेटी घरात येण्यापूर्वी घरच्यांची ना हरकत घ्यावी लागते. इथे बरेच जण ‘लहानपणी मिळालं नाही हो’ असा गहिवरलेला अर्ज करतात आणि तो तिथल्या तिथे निकालात निघतो. त्यापेक्षा इतिहास सांगावा. इतिहास सुरू झाला की घरची माणसं कंटाळतात, आणि कंटाळलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

तर इतिहास असा. डेन्मार्कमधल्या बिलुंड या गावी गॉडफ्रेड कर्क क्रिस्टियनसन यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी लेगो विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर गोल बटणं, पोटात पोकळ नळ्या. खालच्या विटेची बटणं वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये अडकून बसतात, त्यामुळे सिमेंट लागत नाही, गिलावा लागत नाही, आणि पाणी मारायला माणूस ठेवावा लागत नाही. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर नीट बसते. आपल्याकडे मागच्या वर्षी घेतलेल्या डब्याचं झाकण यंदाच्या डब्याला बसत नाही, हे इथे सहज बोलून जावं.

पुढचा मुद्दा जास्त वजनाचा. नेहमीच्या विटेचं माप वास्तुविशारदांच्या नकाशांशी जुळत नव्हतं, म्हणून १९६३ साली गॉडफ्रेड यांनी मोड्युलेक्स नावाची आणखी लहान वीट काढली. ती मुलांसाठी नव्हतीच. आराखडे आखणाऱ्या, इमारतींचे नमुने करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होती. पुढे २००८ साली शिकागोचे वास्तुविशारद अ‍ॅडम रीड टकर यांना बरोबर घेऊन कंपनीने आर्किटेक्चर मालिका सुरू केली. एवढं झाल्यावर पेटीवरचा ‘१८+’ हा आकडा दाखवावा. नुसता आकडा दाखवू नये, घरच्यांच्या मनात भलतंच येतं. शेजारचं इमारतीचं चित्रही त्याच दमात दाखवावं.

भूखंड

आधी जागा मोजावी, मग पेटी घ्यावी. हा क्रम उलटा केलेली घरं दुरूनही ओळखता येतात: तिथली मंडळी मांडीवर ताट घेऊन जेवत असतात.

२०२१ मध्ये आलेल्या आर्किटेक्चर मालिकेतल्या ताजमहालाला साधारण २३ सेंटिमीटर बाय २३ सेंटिमीटर जागा लागते. शोकेसमधले दोन स्मृतिचिन्हांचे कप हलवले की काम होतं. २०२२ चा आयफेल टॉवर मात्र १४९ सेंटिमीटर उंच आहे. तो घेणाऱ्याने त्याला घरातलं माणूसच समजावं आणि उभं राहायला कोपरा द्यावा. त्याच्या पेटीत १०,००१ नग असतात. पॅरिसमध्ये १८८९ साली उभा राहिलेला खरा टॉवर १८,०३८ लोखंडी भागांचा आहे. म्हणजे खऱ्याच्या निम्म्याहून जास्त भाग आपण एकट्याने, पायजम्यावर बसून जोडायचे. खऱ्या टॉवरला २५ लाख रिव्हेट लागले होते, तेवढे आपले वाचतात. आयफेलसाहेबांकडे माणसं होती, हेही लक्षात ठेवावं.

वास्तूची निवड

नवशिक्याची नजर नगांच्या आकड्याकडे जाते. जास्त नग म्हणजे जास्त वास्तुकला, असा त्याचा हिशेब असतो. जाणकाराने पेटी उलटीकडून तपासावी: या इमारतीतलं काय गाळलंय?

मालिकेतल्या अगदी सुरुवातीच्या पेट्यांपैकी एक शिकागोच्या सिअर्स टॉवरची. एकूण ६९ नग. चहा निवायच्या आत काम होतं आणि हातात काळा, जाडसर खांब येतो. पण त्याकडे नीट बघावं. खरा टॉवर ढाक्यात जन्मलेले अभियंते फझलूर रहमान खान यांनी नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्यासारखा रचला. वाऱ्याचा मारा नऊ जणींनी मिळून सोसायचा. त्यातल्या दोन ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि उरलेल्या दोनच माथ्यापर्यंत जातात. खिडक्या गेल्या, लिफ्ट गेल्या, खाली चालणारी माणसं गेली. त्या पायऱ्यापायऱ्यांनी थांबणाऱ्या नळ्या तेवढ्या ठेवल्या, तरी शिकागोचा माणूस टॉवर ओळखतो. ओळख कशात आहे ते ज्याने शोधलं, त्याचं अर्धं काम तिथेच झालं. आयफेलच्या १०,००१ नगांत मेहनत आहे, या ६९ मध्ये विचार आहे, असं माझं मत. (२००९ साली त्या टॉवरचं नाव विलिस टॉवर झालं आणि दोन वर्षांनी पेटीचंही. नामांतर एकही वीट न हलवता करता येतं, हे आपल्याकडे वेगळं शिकवायला नको.)

गाळण्याची कला शिकायची तर थोरामोठ्यांची घरं बांधावीत. या घरांतून सगळ्यात आधी गळतीच गाळली जाते. फ्रँक लॉइड राइट यांनी पिट्सबर्गचे दुकानदार एडगर कॉफमन यांच्यासाठी १९३५ साली आखलेलं फॉलिंगवॉटर घ्या. धबधब्यावर अधांतरी पुढे आलेल्या सज्जांचं घर. मालकाने सज्जांचा हिशेब दुसऱ्या इंजिनिअरांकडून तपासून घेतला आणि त्यात गज वाढवले, तर राइट भडकले. वाढीव गजही पुरले नाहीत. सज्जे वर्षानुवर्षं वाकत राहिले आणि शेवटी २००२ साली पोलादी तारा ताणून त्यांना थोपवावं लागलं. शिवाय छत गळायचं. हे सगळं २००९ च्या ८११ नगांच्या पेटीत कुठेच नाही. पारदर्शक निळसर नगांचा धबधबा तेवढा आहे, आणि तोही एक थेंब न सांडता.

ली कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसजवळच्या व्हिला साव्होयेचं तेच. बारीक खांबांवर तरंगणारी पांढरी पेटी. जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना वंदनीय. मालकीणबाईंची छत गळत असल्याची तक्रारपत्रंही इतिहासात जमा आहेत. विटांच्या ६६० नगांत पत्रं नाहीत. लुडविग मीस व्हॅन डर रोह यांच्या फार्न्सवर्थ हाउसमध्ये तर डॉक्टर मालकीण आणि वास्तुविशारद यांचं प्रकरण पैशांवरून कोर्टात गेलं, आणि जवळच्या नदीचा पूर घरात शिरला. ५४६ नगांच्या पेटीत कोर्ट नाही, पूर नाही. ज्यांनी कधी स्वतःचं घर बांधून घेतलंय, त्यांना या पेट्यांतलं सुख वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रत्यक्ष बांधकाम

पिशव्यांवर आकडे असतात. एका वेळी एकच पिशवी फोडावी. ‘सगळ्या एकदम ओतू, मजा येईल’ असं कोणी मूल म्हणालं तर त्याला प्रेमाने बाहेर खेळायला पाठवावं.

नग निवडायला घरातल्या स्टीलच्या वाट्या उत्तम. मोठ्या ताटात चपट्या प्लेटी, वाट्यांत लहान नग, आणि सगळ्यात बारीक पारदर्शक नग पांढऱ्या बशीत, म्हणजे दिसतील. हे नग प्लास्टिकच्या पिशवीच्या शिवणीला चिकटून बसतात. ‘एक नग कमी आहे’ असा आरोप कंपनीवर करण्याआधी रिकामी पिशवी उजेडात धरून बोटाने टिचकी मारावी. बहुतेक वेळा आरोपी तिथेच सापडतो. उलट बारीक नग एखाददुसरा जास्तच निघतो, कारण पिशव्या वजनाने तपासल्या जातात आणि एवढासा तुकडा वजनात पकडता येत नाही. ते जास्तीचे नग टाकू नयेत. वापरू तर मुळीच नयेत. एका डबीत ठेवावेत. डबी कशासाठी, हे कोणालाच सांगता येत नाही, पण प्रत्येक अनुभवी बांधकाम करणाऱ्याकडे ती असते.

आता मापं. दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, चपट्या प्लेटीची ३.२. म्हणजे तीन प्लेटी मिळून एक वीट. एवढं सगळ्यांना कळतं. खरी गंमत पुढे आहे. पाच प्लेटी एकावर एक ठेवल्या की उंची १६ मिलिमीटर होते, आणि शेजारी शेजारी दोन बटणांची रुंदीही बरोबर १६. म्हणून वीट आडवी करून, बटणं भिंतीच्या बाहेर तोंड करून बसवली तरी सांधा चुकत नाही. खिडकीची बारीक चौकट, कठड्याची नक्षी, दगडाची आडवी रेघ, हे सारं या आडव्या बसवण्यावर चालतं. पुस्तिका एखादा नग आडवा लावायला सांगते तेव्हा छपाईची चूक समजून तो उभा लावणारे लोक आहेत. त्यांची इमारत उभी राहते, पण ओळखू येत नाही.

गोलाईला मात्र उपाय नाही. काटकोनाच्या दुनियेत वर्तुळ म्हणजे तडजोड. राइट यांचंच न्यूयॉर्कमधलं गुगनहाइम संग्रहालय २००९ साली २०८ नगांत आलं आणि २०१७ साली पुन्हा ७४४ नगांत. त्याचं ते वळत वळत रुंदावणारं बाहेरचं अंग पकडण्यासाठी हा खटाटोप होता. ताजमहालाचे चार मिनार खरे तर किंचित बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. विटांचे मिनार सरळसोट उभे राहतात. ताजला भेट दिलेल्या नातेवाइकाने ही चूक काढलीच, तर त्याच्या निरीक्षणशक्तीचं कौतुक करून दुसरी बशी पुढे सरकवावी.

ताजमहालाची मोठी अडचण त्याची सममिती. बाजू चार, आणि चारही सारख्या. पहिली बाजू बांधताना आपण वास्तुविशारद असतो, दुसरी बांधताना गवंडी, तिसरीच्या वेळी बिगारी, आणि चौथीच्या वेळी टीव्ही चालू असतो. मूळ वास्तूत मुमताजची कबर बरोबर मध्यावर आहे आणि शाहजहानची नंतर तिच्या पश्चिमेला बसवली, त्यामुळे आत तेवढी एकच असममिती राहिली. पेटीतल्या ताजमहालातही खाली कबरी आहेत. आपल्या ताजमहालात असममिती तेवढीच राहील, याची हमी मात्र देता येत नाही. एखादी टाइल एका बटणाने सरकलेली असते, आणि ती दिसते कधी, तर वर घुमट चढल्यावर.

तेव्हा पाडकाम. मोठ्या पेट्यांतून विटा सोडवायची एक नारिंगी पट्टी मिळते, तीच वापरावी. दात वापरू नयेत. या विटा एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात आणि हार मानणं त्यांना ठाऊक नाही. त्या लढाईत हरलेला दात घेऊन दंतवैद्याकडे गेल्यावर कारण सांगताना फार लाज वाटते. पट्टीचं टोक खालच्या बाजूने सारावं, एकदाच दाबावं. ‘टक्’ असा आवाज आला की थांबावं. दोन ‘टक्’ आले तर बरोबर बसलेलीही वीट निघालेली असते.

देखभाल

बांधलेल्या वास्तूवर धूळ बसते. झटकायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी बसवून सांगावं की याला हात लावायचा नाही. त्या मान डोलावतात. रंगकामाचा मऊ कुंचला आणून धूळ स्वतः काढावी. मावशी ते बघतात आणि दुसऱ्या कामावर जाऊन सांगतात. त्याला इलाज नाही. शोकेसची काच बंद ठेवली तर धूळ येत नाही, पण मग वास्तू बघायला पाहुण्यांना काचेला नाक लावावं लागतं, आणि हल्ली कोणी लावत नाही.

उन्हात ठेवू नये. पांढरे नग पिवळे पडतात. ताजमहाल पिवळा पडतोय ही बातमी एकदा आग्र्याहून आलेली आहे, ती पुन्हा आपल्या दिवाणखान्यातून जायला नको.

भोगवटा

वास्तू पूर्ण झाली की पाहुणे येतात. वयस्कर मंडळी आधी विचारतात, “हे चालतं का रे? सेल कुठे घालायचे?” नम्रपणे सांगावं, “काका, ही इमारत आहे, चालत नाही.” काकांचा चेहरा पडतो, पण ते चहा घेतात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारा भाचा आला असेल तर तो विचारतो, “मामा, मावळे कुठे ठेवायचे?” हा प्रश्न रास्त आहे आणि कंपनीने त्याचा विचार केलेला नाही. त्याला घुमटावर दोन मावळे ठेवू द्यावेत.

त्यानंतर येतो तो प्रश्न, ज्यासाठी हे मार्गदर्शन लिहिलंय. सासूबाई चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतात, वास्तू सगळीकडून बघतात आणि विचारतात, “जावईबापू, कितीला पडला हो हा?”

इथे खोटं बोलू नये. नगांची संख्या सांगावी. “दोन हजार बावीस,” एवढंच म्हणावं, पुढे रुपये म्हणू नये, नगही म्हणू नये. “एवढे?” असं म्हणून त्या डोळे मोठे करतील आणि प्लास्टिकच्या तुकड्यांना दोन हजार म्हणजे फारच झालं, असं मुलीला आत जाऊन सांगतील. त्यांची समजूत काढायला आत जाऊ नये.