सागरी सायकलप्रवास व एकांतवास : विधी आणि नियम

कोकणकिनाऱ्याने एकट्याने सायकल चालवत जाणे व रात्री तंबूत मुक्काम करणे हा विधी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावा. पावसाळ्यात करणाऱ्यास कोणी अडवत नाही. फक्त तेव्हा तंबूच्या आत काय आणि बाहेर काय, हा भेद उरत नाही. नवशिक्यास हरिहरेश्वर ते आंजर्ले हा टप्पा सोयीचा. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवावी. शाळेत पाठ केलेले खारे वारे व मतलई वारे येथे प्रथमच उपयोगी पडतात. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. दुपारी समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, येणारा खारा वारा मात्र दक्षिणेला निघालेल्याची पाठ राखतो व उत्तरेला निघालेल्याचा सूड उगवतो.

सामान दोन प्रकारचे असते : लागणारे आणि घेतलेले. लागणाऱ्यात दोन ट्यूब, हातपंप, पाने व पंक्चरचे साहित्य येते. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की पुढच्या खेपेस आतून वाळलेली निघते, तेव्हा ती कोरी घ्यावी. घेतलेल्यात स्टोव्ह, भांडी, तंबू व एकांतात वाचायचे पुस्तक यांचा समावेश होतो. हे सर्व कॅरिअरवर घट्ट बांधावे, कारण ते सोडण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

किनारी रस्ता किनाऱ्याने जातो, हा समज हरिहरेश्वरातच ठेवून निघावे. येथली गावे खाडीच्या मुखाशी किंवा पुळणीच्या कुशीत बसलेली असतात आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा थेट समुद्रात पाय सोडतो. रस्त्याला त्यावर चढण्याखेरीज गत्यंतर नसते. वर झाड नाही, सावली नाही, समुद्र मात्र सगळा दिसतो. मग उतार, नारळी-पोफळीची वाडी, गाव, आणि पुन्हा चढ. चढावर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. समोरून एसटी येताना दिसल्यास तेवढ्यापुरते खाली वाकून चेन तपासावी.

हरिहरेश्वरहून बागमांडल्याला आल्यावर सावित्री नदी आडवी येते. पलीकडे वेश्वी. फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांत पार होता येते. ती चुकवायची तर आंबेतच्या पुलावरून म्हाप्रळ, मंडणगड असा वळसा पडतो. सायकल कठड्याला टेकवून सुतळीने बांधावी. एकांतवासाची पहिली कसोटी याच बोटीवर होते.

प्रश्न ठरलेले असतात व त्यांचा क्रमही सहसा बदलत नाही. ‘एकटेच?’ हा पहिला. ‘मंडळी कुठायत?’ हा दुसरा, कारण पहिल्याचे उत्तर कोणी खरे मानत नाही. पुढे ‘सायकलने कशाला? एसटी नाय मिळाली?’ यात कुत्सितपणा नसतो. उपलब्ध पुराव्यावरून काढलेला तो सरळ निष्कर्ष असतो. छंद, व्यायाम, निसर्ग अशी कारणे देऊ नयेत. त्यांनी शंका वाढते. ‘नवस आहे’ असे सांगितल्यास चौकशी तत्काळ आदराने थांबते, पण मग देवाचे नाव तयार हवे. आंजर्ल्याला जाणाऱ्याने कड्यावरचा गणपती सांगावा. खोटे बोलल्याचा दोष लागू नये म्हणून पुढे टेकडी चढून दर्शनही घ्यावे. वरून हर्णैचा सुवर्णदुर्ग दिसतो, त्यामुळे चढ अगदीच वाया जात नाही. नवस मान्य झाल्यावर ‘आमचा पोरगा अंधेरीला असतो, ओळखता?’ हा प्रश्न येतो. येथे थेट ‘नाही’ म्हणू नये. कुठल्या कंपनीत, असे विचारून बोट धक्क्याला लागेपर्यंत वेळ काढावा.

वेश्वीहून केळशीकडे जाताना दुपारचे जेवण घरगुती खानावळीत करावे. आधी फोन न केल्यास भात टाकावा लागतो. तो होईपर्यंत वरील प्रश्नावली पुन्हा सोडवता येते. सोलकढी तिसऱ्यांदा घेतल्यास पुढचा चढ दुसऱ्या दिवसाचा समजावा.

मुक्कामाची जागा पंचांग पाहून निवडावी. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ येते : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजावे. हीच भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी परत येते. चांदण्यात ओल्या वाळूलगत झोपण्याची हौस असणाऱ्यांनी हा गुणाकार अवश्य करावा, कारण पौर्णिमेच्या आसपास भांगाची नव्हे, उधाणाची भरती असते आणि तिची वेळ पहिल्या गाढ झोपेची असते. किनाऱ्यावर काटक्या, शेवाळ व चपला यांची एक रेघ पडलेली असते. आदल्या भरतीने आखलेल्या त्या हद्दीच्या बऱ्याच वर, सुरूच्या बनाशी, गावात विचारून तंबू लावावा. माडाखाली लावू नये. नारळ पडण्याआधी सूचना देत नाही आणि झावळीही हलकी नसते. वाळूत उभी ठोकलेली खुंटी निघून येते, म्हणून दोरी खुंटीच्या मध्यावर बांधून ती आडवी, हातभर खोल पुरावी. वेळास व आंजर्ले येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री पुळणीवर येऊन अंडी घालतात. त्या वाळूत तंबू, शेकोटी व विजेरी वर्ज्य. कासविणीला मात्र खरोखरच एकांत लागतो आणि गावकरी तो तिला मिळवूनही देतात.

तंबूची शेवटची खुंटी पुरून होताच एक गृहस्थ येतात. ते बराच वेळ पाहत उभे असतात. मध्ये बोलत नाहीत, कारण काम करणाऱ्याला अडवू नये. मग म्हणतात, ‘इथं वाळूत कशाला? आमची पडवी मोकळीच आहे.’ प्रथम नकार द्यावा. दुसरा नकार सौम्य असावा. तिसऱ्याची वेळ येत नाही, कारण तोवर त्यांच्या मुलाने सायकल घराकडे नेलेली असते. रात्री पिठलं-भात, शेजारपाजारची हजेरी व प्रश्नावलीची तिसरी आवृत्ती. पुस्तक उशाखाली ठेवल्यास उंची बरोबर येते.

सकाळी पैसे विचारू नयेत. घरातल्या लहान मुलाच्या हातावर खाऊसाठी काही ठेवावे. निघण्यापूर्वी सायकल विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवावी, वाळू व मीठ चेनमध्ये राहू देऊ नये, फडक्याने पुसून कोरडी करावी व तेल सोडावे. यजमान यासाठी घरचे खोबरेल आणून देतात. ते थंडीत थिजते व चेनला चालत नाही, हे त्यांना पटवता येत नाही. तेव्हा डोक्याला लावून आभार मानावेत.